‘पुरेल की!’ नावाचा बग

कोड रिव्ह्यूमध्ये ऐकू येणारं सर्वांत महागडं वाक्य दोन शब्दांचं आहे: “पुरेल की!”

फाईलमधली जागा मोजायला इंट का घेतलास, असं विचारलं की हे उत्तर हमखास येतं. विचारणारा किरकिऱ्या ठरतो आणि उत्तर देणारा व्यवहारी. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. “पुरेल की” म्हणणारा दुसऱ्याच्या डेटावर पैज लावत असतो, आणि पैज हरल्यावर त्याच्या खिशातून काही जात नाही. सी भाषेत मोठ्या फाईली हाताळताना जे इंटिजर ओव्हरफ्लो होतात, त्यांना आपण ‘चुकून राहिलेले बग’ म्हणतो. त्यात चुकून काहीच नसतं. कुणीतरी एक अंदाज बांधलेला असतो, आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नसतो.

सी न येणाऱ्यांसाठी थोडी पूर्वतयारी. फाईल म्हणजे बाइटांची एक लांबच लांब रांग. सुरुवातीपासून कितव्या बाइटावर जायचं, तो आकडा म्हणजे ऑफसेट. सिनेमा बघताना तुम्ही बोट सरकवून थेट इंटरव्हलपाशी जाता, तेव्हा प्लेअर हेच करतो: ऑफसेट काढतो आणि तिथून वाचायला लागतो. हा आकडा कुठल्यातरी डब्यात ठेवावा लागतो. सीमध्ये सर्वांत हाताशी असलेला डबा म्हणजे इंट. आजच्या बहुतेक यंत्रांवर तो ३२ बिटांचा असतो. एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो, मग त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या उरते २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. फोनवर फोर-के व्हिडिओ काही मिनिटं शूट केला की ही हद्द संपली.

हद्द संपल्यावर काय होतं? दूध उतू गेलं तर निदान शेगडीवर दिसतं, करपल्याचा वास येतो. इंटचं तसं नाही. तो जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा फिरतो, ९९९९९ नंतर ०००००. फरक एवढाच, की हा शून्यावर न थांबता थेट उणे २१४ कोटींच्या पलीकडे जाऊन पडतो आणि तिथून पुन्हा वर चढायला लागतो.

एक कोटी क्रमांकाचा खातेदार

समजा, एका फाईलमध्ये खातेदारांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंद ५१२ बाइटांची. एखादी नोंद शोधायची तर हिशोब सोपा: क्रमांक गुणिले ५१२. क्रमांक इंट, ५१२ हाही इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्येच होतो.

क्रमांक ५० लाख घ्या. उत्तर २५६ कोटी यायला हवं. येतं उणे १,७३,४९,६७,२९६. फाईलच्या सुरुवातीच्याही मागे कसं जाणार? ऑपरेटिंग सिस्टीम ही विनंती नाकारते आणि एरर देते. एरर तपासण्याचे कष्ट कोडने घेतले असतील, तर बग तिथेच पकडला जातो.

आता क्रमांक एक कोटी घ्या. उत्तर ५१२ कोटी यायला हवं. येतं ८२,५०,३२,७०४. संख्या धन आहे, ५१२ने तिला पूर्ण भाग जातो, फाईलच्या आत मावते. संशय यावा असं काहीच नाही. प्रोग्रॅम तिथे जातो, नवी शिल्लक लिहितो आणि ‘यशस्वी’ म्हणतो. ती जागा मात्र १६,११,३९२ क्रमांकाच्या खातेदाराची असते. त्याची नोंद पुसली गेली. प्रोग्रॅम कोसळला नाही, लॉगमध्ये ओळ पडली नाही, रात्री कुणाला फोन गेला नाही. कळेल तेव्हा त्या खातेदाराला कळेल, आणि काउंटरवर त्याला सांगितलं जाईल, “साहेब, सिस्टीममध्ये असंच दिसतंय.”

या विषयात पणाला लागलेली गोष्ट ही आहे. प्रोग्रॅम कोसळला तर इंजिनिअरची झोप जाते. प्रोग्रॅम गुपचूप चुकीच्या जागी लिहितो, तेव्हा झोप जाते ज्याचा या कोडशी काही संबंध नाही अशा माणसाची.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. “मग ऑफ_टी वापर ना.” ऑफ_टी हा खास ऑफसेटसाठी असलेला टाइप, आणि ६४ बिटांचा ऑफ_टी आज हवा त्याला मिळतो. बरोबर आहे, पण अर्धंच. उत्तर ठेवायला ऑफ_टी घेतला आणि गुणाकार दोन इंटमध्येच राहू दिला, तर काहीही सुधारत नाही. सीमध्ये गुणाकार किती बिटांत करायचा हे गुणल्या जाणाऱ्या संख्यांवरून ठरतं. उत्तर कुठे ठेवणार आहात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. छोट्या पातेल्यात दूध तापवलं, ते उतू गेलं, उरलेलं मोठ्या पातेल्यात ओतलं. मोठं पातेलं पाहून सांडलेलं दूध परत येत नाही. गुणण्याआधी दोनपैकी एक संख्या ६४ बिटांची करावी लागते. कोडमध्ये हा फरक एका कंसाचा आहे, आणि रिव्ह्यूमध्ये नजर नेमकी तिथूनच घसरते, कारण डावीकडे ऑफ_टी लिहिलेलं पाहून सगळ्यांचं समाधान झालेलं असतं.

वरचे आकडे हे आजच्या नेहमीच्या यंत्रांवर दिसणारं वागणं झालं. सीचं स्टँडर्ड तेवढीही हमी देत नाही. चिन्ह असलेल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो म्हणजे ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’, काहीही होऊ शकतं. अनेक जण तपासणी अशी लिहितात: आधी बेरीज करू, उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान आलं तर ओव्हरफ्लो झाला समजू. कंपायलर म्हणतो, स्टँडर्डप्रमाणे ओव्हरफ्लो होणारच नाही असं मी धरून चालतो. धन संख्या मिळवून बेरीज लहान कशी होईल? ही तपासणी निरर्थक आहे. आणि तो ती काढून टाकतो. पहारेकरी नेमला होता, त्याला मुकादमाने परस्पर घरी पाठवलं. म्हणून तपासणी नेहमी हिशोबाच्या आधी करायची असते.

तीनदा तीच ठेच

युनिक्समध्ये फाईलमधली जागा बदलणाऱ्या फंक्शनचं नाव एलसीक आहे. त्यातला ‘एल’ कुठून आला? आधी नुसतं सीक होतं. पीडीपी-११ या यंत्रावर इंट १६ बिटांचा, त्यामुळे ६५,५३५च्या पुढचं थेट मोजताच येत नव्हतं. लांब जायचं असेल तर ५१२ बाइटांच्या ब्लॉकच्या हिशोबात उडी मारायची वेगळी सोय होती. १९७९च्या सातव्या आवृत्तीत लाँग या ३२ बिटांच्या टाइपवर चालणारं एलसीक आलं. ‘एल’ म्हणजे लाँग. ठेच लागल्याची खूण फंक्शनच्या नावातच राहिली.

मग डिस्क वाढल्या आणि ३२ बिटही पुरेनात. १९९६मध्ये युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘लार्ज फाईल समिट’ या नावाखाली एकत्र बसून ६४ बिटांच्या ऑफसेटचा मसुदा ठरवला. त्यातून एलसीक६४ आलं, एफसीको आणि एफटेलो आले, आणि कंपाइल करताना ‘फाईल ऑफसेट बिट्स बरोबर ६४’ असं मागायची सोय आली. मागायची, म्हणजे आपोआप मिळणारी नव्हे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ३२ बिटांच्या लिनक्सवर जीलिबसीने मूळ माप तसंच ठेवलं, आणि ते आजही तसंच आहे.

पीडीपी-११वर काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या डिस्क मोजक्या मेगाबाइटांच्या होत्या, मेमरीचा एकेक बाइट जपावा लागत होता, आणि आपली मर्यादा काय हे त्यांनी मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलं होतं. त्यांनी हिशोब करून तडजोड केली. आपण हिशोब न करता त्यांची तडजोड उचलतो, तीही ते कारण केव्हाच संपल्यावर.

मर्यादा असणं हा गुन्हा नाही, ती लपवणं हा आहे. पेन ड्राइव्हवर मोठा सिनेमा टाकताना ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणून नकार आलेला तुम्ही पाहिला असेल. ती फॅट३२ची मर्यादा: एका फाईलला जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या कार्डवर एकाच विधीच्या क्लिपचे तुकडे पडलेले दिसतात, तेही बहुतेकदा याच मर्यादेमुळे. गैरसोय आहे, पण व्यवहार सरळ आहे: मावत नाही, म्हणून घेत नाही. ३२ बिटांच्या लिनक्सवर जुना प्रोग्रॅम दोन जीबीपेक्षा मोठी फाईल उघडायला गेला, की ‘व्हॅल्यू टू लार्ज’ अशी एरर येते आणि फाईल उघडतच नाही. हाही सरळ नकार. एक कोटी क्रमांकाच्या खातेदाराला मात्र सिस्टीमने नकार दिला नाही. तिने होकार दिला आणि दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडलं.

दुरुस्तीतही तेच

२०१५च्या जुलैमध्ये झिम्पेरियम या कंपनीतल्या जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट या व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीतले दोष जाहीर केले. खास बनवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला की अनेक फोनवर मालकाने मेसेज उघडण्याआधीच तो वाचला जाई आणि हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळे. त्यातल्या काही दोषांचं मूळ इंटिजर ओव्हरफ्लो होतं. लायब्ररी सी++मधली आहे, पण पूर्णांकांचे हे नियम सीकडूनच आलेले.

एमपीफोर फाईल तुकड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याचा आकार लिहिलेला असतो. साधा आकार ३२ बिटांत. मोठा असेल तर ६४ बिटांत. एका ठिकाणी कोड दोन आकारांची बेरीज करून तेवढी मेमरी मागत होता. बेरीज फिरली, मेमरी मिळाली इवलीशी, आणि तिच्यात ओतला गेला भलामोठा डेटा.

दुरुस्ती लगेच आली, मोजून चार ओळींची. बेरजेआधी तपासणी: कमाल मर्यादेतून नवा आकार वजा करा, उरलेलं जुन्या आकाराहून मोठं नसेल तर फाईल नाकारा. कागदावर अचूक. पण नवा आकार ६४ बिटांचा होता आणि ३२ बिटांच्या फोनवर ती कमाल मर्यादा ३२ बिटांची. फाईलमध्ये त्या मर्यादेहून मोठा आकार लिहिला, की वजाबाकी खाली जायच्या ऐवजी फिरून अवाढव्य धन संख्या होई आणि तपासणी पास होई. पुढे मेमरी मागताना तोच आकडा ३२ बिटांत कापला जाई. ओव्हरफ्लो थांबवणाऱ्या ओळीतच ओव्हरफ्लो. ऑगस्टमध्ये एक्सोडस इंटेलिजन्सने हे दाखवून दिलं आणि पुन्हा नवी दुरुस्ती काढावी लागली.

ती दुरुस्ती नवशिक्यांची नव्हती, आणि सारं जग त्या कोडकडे पाहत असताना ती निसटली. तरीही आपण म्हणतो, “लक्ष देऊन लिहिलं की झालं.” लक्ष देण्याने हे सुटणार असतं, तर कधीच सुटलं असतं.

तीन पळवाटा

पहिली पळवाट: “आता सगळं ६४ बिटांचं आहे.” प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, इंट नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर, मॅकवर, विंडोजवर इंट ३२ बिटांचाच आहे. विंडोजवर तर लाँगसुद्धा ३२ बिटांचा. एफसीक आणि एफटेल ही आपण शिकलेली फंक्शनं लाँगमध्येच बोलतात. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर तीन जीबीची फाईल मजेत वाचणारा कोड विंडोजवर दोन जीबीला अडतो. अँड्रॉइडच्या ३२ बिटांच्या बाजूला ऑफ_टी आजही मागितल्याशिवाय ६४ बिटांचा होत नाही.

दुसरी पळवाट: “एवढी मोठी फाईल देणार कोण?” दोन जण देतात. एक म्हणजे तुमचा यशस्वी ग्राहक, ज्याचा धंदा वाढला. दुसरा म्हणजे हल्लेखोर, आणि त्याला मोठी फाईल लागतही नाही. काही बाइटांच्या फाईलमध्ये ‘माझा आकार इतका’ असा खोटा आकडा लिहिला की पुरतं. म्हणजे हा बग तुमच्या सर्वांत चांगल्या ग्राहकाला चावतो किंवा सर्वांत वाईट पाहुण्याला आत घेतो. मधल्या सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर उत्तम चालतं, म्हणून डेमोत ते कधी दिसत नाही.

तिसरी पळवाट आमच्या पिढीची लाडकी: “रस्टमध्ये लिही.” जरूर लिहा. सीपेक्षा तिथे मेमरी नक्कीच सुरक्षित आहे, आणि डीबग बिल्डमध्ये रस्ट ओव्हरफ्लोवर थांबतं. पण रिलीज बिल्डमध्ये, वेगळी सेटिंग दिली नाही तर, आकडा मुकाट्याने फिरतो. ‘अॅज’ लिहून ६४ बिटांची संख्या ३२मध्ये कोंबली तर ती तिथेही गुपचूप कापली जाते. भाषा बदलली आणि “पुरेल की” तसंच राहिलं, तर खातेदार क्रमांक १६,११,३९२ पुन्हा रांगेत उभा.

हे शिकवतं कोण?

खरा राग आहे तो शिकवण्यावर. आपल्याकडे अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं सी शिकवलं गेलं ते टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. तिथे इंट दोन बाइटांचा, कमाल ३२,७६७. पोरांनी पाठ केलं, ‘इंट म्हणजे दोन बाइट’. कंपायलर बदलला, पाठांतर बदललं, ‘इंट म्हणजे चार बाइट’. स्टँडर्ड म्हणतं, निदान १६ बिट, पुढचं यंत्रागणिक. व्हायवाला ‘इंट किती बाइटांचा?’ या प्रश्नावर ‘कुठल्या यंत्रावर?’ असं उलट विचारणारा विद्यार्थी एकटाच बरोबर असतो, आणि आगाऊ ठरतो.

फाईलचा आकार काढायची पाठ्यपुस्तकी कृती घ्या. एफसीकने शेवटाला जा, एफटेलला विचारा, आलेल्या संख्येत एक मिळवून तेवढी मेमरी मागा, फाईल वाचा. जागा लाँगमध्ये मावली नाही तर एफटेल उणे एक देतं. उणे एक अधिक एक बरोबर शून्य. शून्य बाइटांची मेमरी मागितली गेली. मग वाचताना तेच उणे एक चिन्हरहित टाइपमध्ये जाऊन यंत्राची सर्वांत मोठी संख्या होतं. शून्य जागेत अख्खी फाईल. ही पाककृती परीक्षेत पूर्ण गुण मिळवते, तिथून नोकरीत येते, आणि आता कोड सुचवणारी साधनं अशाच कोडवर पोसलेली असल्याने तीच आपल्याला परत वाढतात.

उपाय रॉकेट उडवण्याइतके अवघड नाहीत. ऑफसेट आणि आकारासाठी ६४ बिटांचा टाइप ठरवा आणि हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यातच ठेवा. एफसीको, एफटेलो वापरा. विंडोजवर त्यांची ६४ बिटांची भावंडं आहेत. बाहेरून आलेल्या आकड्याचा गुणाकार-बेरीज तपासणाऱ्या फंक्शननेच करा: सी२३मध्ये ती स्टँडर्डचा भाग झाली आहेत, जीसीसीत २०१५पासून आहेत. आकुंचनावर बोंबलणारी कंपायलरची वॉर्निंग चालू ठेवा, ती कितीही कटकट वाटली तरी. प्रत्येक सीकचं उत्तर तपासा.

आणि मोठ्या फाईलवर टेस्ट करा. “पाच जीबीची फाईल रिपॉझिटरीत ठेवू का?” असा टोमणा मला ऐकवला गेला आहे. ठेवायची गरज नाही. लिनक्सवर ट्रंकेट ही एक कमांड पाच जीबीची पोकळ फाईल क्षणात बनवते आणि ती डिस्कवर जवळपास जागाच घेत नाही. तिच्यात एक कोटी क्रमांकाची नोंद लिहा आणि मग १६,११,३९२ क्रमांकाची वाचून बघा. ती कोरी राहिली तर कोड पास. काही सेकंदांची टेस्ट आहे. ती न लिहायला वेळ कमी पडला, हे कारण मी मानत नाही.

ही उधारी कधीतरी फिटतेच, पण व्याजासकट. ३२ बिटांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं. त्यासाठी जीलिबसीने २०२१मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांना ६४ बिटांची वेळ दिली, पण अट घातली: आधी ऑफसेटही ६४ बिटांचे करा. १९९६मध्ये जे मागायला हवं होतं आणि कित्येकांनी मागितलंच नाही, ते आता वेळेच्या निमित्ताने मागावं लागतंय. २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३साठी ३२ बिटांच्या एआरएमची पॅकेजं या कारणाने नव्याने बांधावी लागली. एवढं काम कुणाच्या तरी “पुरेल की”चं बिल होतं, आणि ते भरणारे लोक वेगळेच होते.

म्हणून रिव्ह्यूमध्ये माझी एकच मागणी असते. “पुरेल” म्हणतोस ना? मग किती पुरेल तो आकडा इथे कॉमेंटमध्ये लिही, आणि त्याच्या पुढे गेल्यावर प्रोग्रॅम काय करेल तेही लिही. आकडा लिहिता येत असेल तर इंट ठेव, माझी हरकत नाही. लिहिता येत नसेल, तर कोड पुढे जाणार नाही. किरकिऱ्या म्हणा हवं तर.